छोट्या तेल कंपनीचं प्रेझेंटेशन वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिमाही निकाल लागले की बीएसईच्या साइटवर कंपनीची पीडीएफ येते. मुखपृष्ठावर मावळत्या सूर्यासमोर उभी रिग (विहीर खोदणारी यंत्रणा), आत चढते आलेख. इथले प्रश्न गुजरात, आसाम किंवा मुंबईजवळच्या समुद्रात तेल-वायू काढणाऱ्या छोट्या लिस्टेड कंपन्यांबद्दल आहेत. पेट्रोल पंप चालवणाऱ्या सरकारी कंपन्यांचं गणित निराळं, ते इथे नाही.

प्रेझेंटेशन कुठून वाचायला घ्यावं?

शेवटाकडून. मागच्या पानांवर बारीक अक्षरात ब्लॉकचा, म्हणजे तेल काढायला दिलेल्या तुकड्यांचा, तक्ता असतो: ब्लॉकचं नाव, कंपनीचा हिस्सा, ऑपरेटर (भागीदारांच्या वतीने काम चालवणारी कंपनी) कोण, करार कधी संपतो. तो आधी वहीत उतरवून घ्या. मग तीन वर्षांपूर्वीचं प्रेझेंटेशन काढा. त्यात ‘पुढच्या वर्षी’ म्हणून जे लिहिलं होतं ते झालं का, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. जुनी प्रेझेंटेशन कंपनीच्या साइटवरून कधी कधी गायब होतात, पण एक्सचेंजकडे दिलेली तिथे सापडतात.

‘१० कोटी बॅरल तेल’ असं लिहिलंय आणि कंपनीचं बाजारमूल्य जेमतेम ६०० कोटी. शेअर स्वस्तच म्हणायचा ना?

थांबा. सगळ्यात जास्त माणसं इथेच घसरतात. ‘१० कोटी बॅरल’च्या शेजारी इन-प्लेस असा शब्द आहे का बघा. असेल तर तो आकडा खडकात असलेल्या एकूण तेलाचा आहे, बाहेर येणाऱ्या तेलाचा नाही. खडकातलं बरंचसं तेल खडकातच राहतं. मुंबई हायसारख्या मोठ्या, अनेक दशकं पैसा ओतलेल्या क्षेत्रातही मूळ साठ्याचा साधारण तिसरा हिस्सा हाती लागला तरी चांगलं मानतात. छोट्या क्षेत्रात तेवढंही गृहीत धरू नका.

एक कल्पित उदाहरण घेऊ. इन-प्लेस १० कोटी. त्यातलं २० टक्के निघेल असं धरलं तर राहिले २ कोटी. ब्लॉकमध्ये कंपनीचा हिस्सा ५० टक्के, म्हणजे १ कोटी. क्षेत्र वीस वर्षांपासून चालू आहे आणि कंपनीच्या वाट्याचे ६० लाख बॅरल कधीच विकून झालेत. उरले ४० लाख. त्यातले २५ लाख आजच्या चालू विहिरींतून येतील. बाकीच्या १५ लाखांसाठी नव्या विहिरी खोदाव्या लागतील आणि त्यांचा पैसा अजून उभा राहायचा आहे. आता ६०० कोटींना २५ लाख बॅरलने भागा: एका बॅरलमागे २,४०० रुपये तुम्ही आजच मोजताय. आणि यातून रॉयल्टी, सरकारचा वाटा, खर्च, कर अजून काहीच गेलेलं नाही.

प्रत्येक कंपनीसाठी ही उतरंड स्वतः मांडा. एखाद्या पायरीचा आकडा प्रेझेंटेशनमध्ये सापडला नाही, तर बहुधा तीच पायरी महत्त्वाची असते.

१पी, २पी, ३पी म्हणजे काय? आणि हे २सी कुठून आलं?

जगभर पीआरएमएस नावाची वर्गवारी वापरतात. तिची सध्याची आवृत्ती २०१८ची. १पी म्हणजे सिद्ध साठा. एवढं किंवा याहून जास्त तेल निघण्याची शक्यता निदान ९० टक्के. २पीमध्ये सिद्धच्या जोडीला संभाव्य धरतात, तिथे शक्यता ५० टक्के. ३पीला १० टक्के. २सी हा साठा नव्हेच. तेल सापडलंय, पण काढणं सध्या परवडत नाही, किंवा पाइपलाइन नाही, मंजुरी नाही, गिऱ्हाईक नाही, असा तो प्रकार. त्याच्याही खाली प्रॉस्पेक्टिव्ह, म्हणजे अजून विहीरच खोदलेली नाही. तिथे बॅरलचा आकडा हा नकाशावरचा अंदाज असतो.

हे सगळे वर्ग एकाच स्तंभात रचून वर एकच बेरीज लिहिली असेल, तर त्या बेरजेला काहीच अर्थ नाही. मी असं पान दिसलं की पुढचं सगळं संशयाने वाचतो. कंपनीने मुद्दाम फसवलंच असेल असं नाही, पण आपला वाचक हे विचारणार नाही हे तिने धरलेलं असतं.

साठे कोणी तपासले हे बघायचं का?

हो. तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेचं नाव, अहवालाची तारीख आणि त्यात धरलेला तेलाचा भाव, हे तिन्ही हवं. ‘व्यवस्थापनाचा अंदाज’ ही तपासणी नाही. आणि वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये साठ्यांचा तक्ता असतो, सुरुवातीचा साठा, वाढ-घट, उत्पादन, अखेरचा साठा असा. प्रेझेंटेशनमधला आकडा त्याच्याशी ताडून पाहा.

पण तज्ज्ञांनी तपासल्यावर आकडा एवढा चुकेल का?

चुकतो, आणि मोठ्यांचाही. जानेवारी २००४मध्ये शेल (Shell) या बड्या तेल कंपनीने आपल्या सिद्ध साठ्यांतून ३९० कोटी बॅरल एका झटक्यात बाहेर काढले. तो त्यांच्या सिद्ध साठ्याचा सुमारे २० टक्के भाग होता. मार्चमध्ये अध्यक्षांना जावं लागलं.

आपल्याकडची उदाहरणं तर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलीच आहेत. २००५मध्ये गुजरात सरकारच्या जीएसपीसी या कंपनीच्या ब्लॉकमध्ये २० टीसीएफ, म्हणजे २० लाख कोटी घनफूट वायू असल्याची घोषणा झाली. प्रत्यक्षात मंजूर झालेल्या पहिल्या विकास आराखड्यात दोन टीसीएफच्या आसपासचीच गोष्ट होती. पुढे २०१७मध्ये ओएनजीसीने तिथला ८० टक्के हिस्सा घेतला. शेजारच्या केजी-डी६ ब्लॉकमध्ये रिलायन्सचा आराखडा दिवसाला ८ कोटी घनमीटरचा होता. एप्रिल २००९मध्ये वायू सुरू झाला, २०१०मध्ये ६ कोटींच्या घरात पोहोचला आणि मग घसरत गेला. विहिरींत पाणी आणि वाळू शिरली, दाब अपेक्षेहून लवकर पडला. ज्यांच्याकडे जगातले उत्तम भूशास्त्रज्ञ होते त्यांची ही गत, तर तीन विहिरींच्या आधारावर रंगवलेल्या स्लाइडला किती मान द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

‘नव्या विहिरीतून चाचणीत दिवसाला १,२०० बॅरल’ ही बातमी आली की शेअर उसळतो. खरंच आनंदाची असते का?

असू शकते. पण चार गोष्टी विचारा. चाचणी किती तास चालली? चोक किती होता? तेलाबरोबर पाणी किती आलं? आणि विहीर बंद केल्यावर तळाचा दाब पूर्ववत झाला का?

चोक म्हणजे विहिरीच्या तोंडाशी बसवलेलं छिद्र. त्याचं माप इंचाच्या ६४व्या भागात सांगतात: २४/६४, ३२/६४, असं. छिद्र मोठं ठेवलं की आकडा फुगतो. सहा तास ४८/६४ वर वाहिलेल्या विहिरीचे १,२०० आणि तीन दिवस २०/६४ वर स्थिर राहिलेले १,२०० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारची विहीर महिन्याभरात ४००वर येऊ शकते. अमेरिकेतल्या शेल नावाच्या खडकातल्या विहिरी (वरच्या शेल कंपनीशी संबंध नाही) तर पहिल्या वर्षातच निम्म्याहून जास्त घसरतात आणि ते तिथे सगळे गृहीत धरूनच चालतात.

म्हणून चाचणीचा आकडा वाचा, पण मोजा मात्र सलग चार तिमाहींचं विकलेलं तेल. उत्पादन आणि विक्री यांतही फरक असतो: टाकीत साठलेलं तेल उत्पादनात दिसतं, पैशात दिसत नाही. समुद्रातली कंपनी असेल तर तेल जहाजात साठवून दोन-तीन महिन्यांनी एकदम विकते. त्यामुळे एका तिमाहीत विक्री शून्याजवळ आणि पुढच्या तिमाहीत दुप्पट दिसते. अशा वेळी ‘तिमाहीत २०० टक्के वाढ’ हे वाक्य कॅलेंडरचं कर्तृत्व असतं.

बीओई म्हणजे काय?

बॅरल ऑफ ऑइल इक्विव्हॅलंट, वायूला तेलाच्या मापात बसवायची युक्ती. ६ हजार घनफूट वायू म्हणजे एक बॅरल तेल, उष्णतेच्या हिशेबाने. पैशाच्या हिशेबाने नाही. वायू हजार घनफुटाला ६.७५ डॉलर दराने विकला जात असेल तर त्या ‘बॅरल’चे ४० डॉलर होतात, आणि खरं तेल तेव्हा ७०ला असू शकतं. बीओई दिसलं की तेल किती आणि वायू किती ते वेगळं करा. वायूचा दर कोणत्या नियमाने ठरतो तेही बघा: ओएनजीसी आणि ऑइल इंडियाच्या जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा भाव एप्रिल २०२३पासून कच्च्या तेलाच्या भारतीय सरासरी दराच्या १० टक्के धरतात आणि त्यावर कमाल मर्यादा आहे. डीएसएफ योजनेतल्या (पुढचा प्रश्न बघा) कंपनीला स्वतः भाव ठरवून विकायची मुभा आहे.

ही डीएसएफ योजना काय आहे?

डिस्कव्हर्ड स्मॉल फील्ड. ओएनजीसी आणि ऑइल इंडियाला सापडलेली, पण त्यांनी न काढलेली छोटी क्षेत्रं सरकारने लिलावात काढली. २०१६च्या पहिल्या फेरीत ६७ क्षेत्रं ४६ करारांत बांधून लिलावाला ठेवली होती, त्यांतली काही मुंबईजवळच्या समुद्रात. सेस (कच्च्या तेलावरचा उपकर) नाही, भाव मोकळा, सरकारला खर्चाचे हिशेब दाखवायची कटकट नाही, उत्पन्नातला ठरलेला वाटा द्यायचा. धोरण छोट्या कंपनीला सोयीचंच आहे.

प्रेझेंटेशनमध्ये ‘तेल सापडलेलंच आहे, शोधाची जोखीम नाही’ असं वाक्य येतं. खरंय. मात्र ओएनजीसीने ते इतकी वर्षं का काढलं नाही, हा प्रश्न त्याच वाक्यात दडलेला असतो. कधी साठा ओएनजीसीच्या मानाने किरकोळ असतो आणि छोट्या कंपनीला पुरतो. ते उत्तर पटण्यासारखं आहे. कधी तेल मेणचट असतं, वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, जवळ पाइपलाइन नसते. ते उत्तर स्लाइडवर नसेल तर विचारावं लागेल.

एका बॅरलमागे कंपनीच्या हातात नक्की किती राहतात?

याला नेटबॅक म्हणतात. डीएसएफसारख्या जमिनीवरच्या ब्लॉकचं काल्पनिक गणित असं. ब्रेंट, म्हणजे कच्च्या तेलाचा जागतिक भाव, ७० डॉलर. आपलं तेल थोडं जड, म्हणून ४ डॉलर कमी, ६६. रॉयल्टी साडेबारा टक्के गेली, राहिले साधारण ५८. त्यातला १५ टक्के सरकारी वाटा गेला, ४९. तेल वर काढणं, पाणी वेगळं करणं, टँकरची वाहतूक यांचे १८ गेले, ३१. ऑफिस, पगार, विमा ५ गेले, हातात २६.

आता ब्रेंट ५०ला आणा आणि तीच शिडी उतरा. हातात ११ राहतात. भाव २९ टक्क्यांनी पडला, हाती उरणारी रक्कम निम्म्याहून जास्त पडली. कारण टँकरवाला आणि पंप ब्रेंट बघून बिल लावत नाहीत. शिवाय विकलेल्या बॅरलच्या जागी नवा बॅरल उभा करायला १५ डॉलर लागत असतील, तर ५०च्या भावाला कंपनी हळूहळू स्वतःलाच खात असते, मग एबिटडा (व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीचा नफा) कितीही हिरवा दिसो.

प्रेझेंटेशनमध्ये ‘ब्रेकईव्हन (ना नफा ना तोटा) २३ डॉलर’ लिहिलेलं असेल तर त्यात नव्या विहिरीचा खर्च धरलाय का, व्याज धरलंय का, ते विचारा. सहसा धरलेलं नसतं.

सरकार मध्येच नवा कर लावेल ही भीती खरी आहे का?

खरी आहे. १ जुलै २०२२पासून देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपयांचा विशेष कर लागला, म्हणजे बॅरलला साधारण ४० डॉलर. पुढे तो दर पंधरवड्याला बदलत राहिला आणि डिसेंबर २०२४मध्ये रद्द झाला. मात्र आधीच्या वर्षी २० लाख बॅरलपेक्षा कमी काढणाऱ्या कंपन्यांना तो लागूच नव्हता. तेव्हा अनेकांनी ही ओळ न वाचता छोटे शेअर विकून टाकले.

करार संपण्याची तारीख इतकी का महत्त्वाची?

तेल देशाचं, कंपनीकडे ते ठरावीक मुदतीसाठी काढायचा परवाना. जुने करार बहुतेक २५ वर्षांचे. साठा पंधरा वर्षं पुरेल असं प्रेझेंटेशन सांगतं आणि करार सहा वर्षांनी संपतो, तर उरलेल्या नऊ वर्षांचं तेल तुमचं नाही, जोवर मुदतवाढ होत नाही. आणि मुदतवाढ फुकट येत नाही. राजस्थानातल्या केर्न कंपनीच्या ब्लॉकचा करार मे २०२०मध्ये संपला, तेव्हा मुदतवाढीसाठी सरकारने नफ्यातला आपला वाटा १० टक्के अंशांनी वाढवून मागितला आणि त्यावरून बरीच वर्षं भांडण चाललं.

एनपीव्ही १० चा आकडा बाजारमूल्याच्या तिप्पट दाखवलाय.

एनपीव्ही म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत. १० म्हणजे ती काढताना वापरलेला सवलतीचा दर, वर्षाला १० टक्के. पाच वर्षांनी मिळणारे १०० कोटी या दराने आज ६२ कोटी धरले जातात. बँकेतली ठेव बिनघोर व्याज देत असताना दोन-तीन विहिरींवर उभ्या असलेल्या कंपनीला १० टक्के फार मायाळू आहे. मी १५ धरतो. मग तेच १०० कोटी ५०वर येतात. त्यानंतर पाहायचं की आकडा करापूर्वीचा आहे का, कर्ज वजा केलंय का, आणि पुढची दहा वर्षं ब्रेंट किती धरलाय. जुलै २००८मध्ये कोणी १४० डॉलर कायमचे धरले असते, एप्रिल २०२०मध्ये कोणी २०. दोन्ही वेळी माणसं हुशारच होती.

विहिरींसाठी पैसा कुठून येणार हे कसं ओळखायचं?

‘पुढील तीन वर्षांत १२ विहिरी’ या पानाशेजारी वार्षिक अहवालातला कॅश फ्लो ठेवा. एका विहिरीचा खर्च गुणिले १२ आणि वर्षाला कामकाजातून येणारी रोकड. फरक जेवढा, तेवढे नवे शेअर, वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) किंवा कर्ज येणार. म्हणून मी उत्पादनवाढीचा आलेख बघतच नाही, दर हजार शेअरमागे उत्पादन किती ते काढतो. उत्पादन दुप्पट आणि शेअरही दुप्पट, तर जुन्या भागधारकाला काय मिळालं?

भागीदार असाल आणि ऑपरेटर दुसरा असेल तर आणखी एक धोका आहे: कॅश कॉल. ऑपरेटरने खर्च ठरवला की आपल्या हिश्शाचे पैसे भरावे लागतात. कॅनडाच्या निको रिसोर्सेसचा केजी-डी६मध्ये १० टक्के हिस्सा होता. वायू घसरला, पैसा आटला, आणि खोल समुद्रातल्या नव्या क्षेत्रांसाठीचे कॅश कॉल २०१८मध्ये तिला भरता आले नाहीत. हिस्सा गेला. रिलायन्स आणि बीपीकडे तो वाटला गेला, आणि त्यानंतर त्या क्षेत्रांतून वायू भरभरून आला. म्हणजे साठ्याचा अंदाज बरोबर ठरला तरी तो चाखायला कंपनी टेबलावर असावी लागते.

प्रकल्पाच्या वेळापत्रकावर किती विश्वास ठेवायचा?

पश्चिम किनाऱ्यावरची कंपनी असेल तर एक सोपी खूण आहे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. रिग हलवणं, समुद्रतळाशी पाइप टाकणं जवळपास बंद. अशी कामं ‘दुसऱ्या तिमाहीत’, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये दाखवली असतील, तर पान बनवणाऱ्याने समुद्र पाहिलेला नाही. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. आणि मेअखेरपर्यंत काम झालं नाही तर उशीर दोन आठवड्यांचा होत नाही, थेट दिवाळीच्या तोंडावर जातो. आसामात हाच हिशेब पुराचा.

मुंबई हायच्या शेजारचा ब्लॉक आहे म्हणतात.

शेजारच्याच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून आपल्या वावरात लागतंच असं नाही.

पी/ई फक्त ५ आहे. स्वस्त नाही का?

कारखाना पुढच्या वर्षीही तेवढाच माल काढतो, विहीर काढत नाही. चालू साठा वर्षाच्या उत्पादनाने भागा. उत्तर ४ आलं, तर पाचच्या पी/ईला तुम्ही पाच वर्षांची कमाई मोजून चार वर्षांचं तेल घेताय.

नफ्यातही एक खोच आहे. दर बॅरलमागे डिप्लिशन नावाचा घट-खर्च लावतात, आणि तो साठ्याच्या अंदाजावर अवलंबून असतो. साठ्याचा अंदाज वाढवला की बॅरलमागचा खर्च घटतो आणि एक रुपयाही जास्त न कमावता नफा वाढतो. नफा वाढला, उत्पादन वाढलं नाही, तर आधी साठ्यांचीच टीप वाचा. कोरड्या निघालेल्या विहिरी कधी खर्चात टाकल्या तेही बघा. ‘काम चालू’ या शीर्षकाखाली एकच विहीर चार-पाच वर्षं पडून असेल, तर काम चालू नाही.

प्रवर्तकांबद्दल काय पाहायचं?

शेअर तारण आहेत का. आणि रिग, जहाज, कॉम्प्रेसर कोणाकडून भाड्याने घेतलाय. प्रवर्तकाच्याच दुसऱ्या कंपनीकडून असेल तर विहीर कोरडी निघाली तरी त्यांचं भाडं चालू राहतं. वार्षिक अहवालातली ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप यासाठी वाचायची.

कॉनकॉलमध्ये (निकालानंतर गुंतवणूकदारांशी होणाऱ्या फोनवरच्या चर्चेत) एकच प्रश्न विचारायला मिळाला तर?

‘आज एकही नवी विहीर खोदली नाही, तर पुढच्या मार्चमध्ये तुमच्या हिश्शाचं उत्पादन दिवसाला किती बॅरल असेल?’ ज्या व्यवस्थापनाला आपलं क्षेत्र माहीत आहे ते आकडा सांगतं, साधारण १२ टक्के घट, १५ टक्के घट, असा. बाकीचे पुढच्या विहिरींबद्दल बोलू लागतात. मग तोच प्रश्न ईमेलने कंपनी सेक्रेटरीला पाठवा, आणि उत्तर आलं तर तारखेसकट जपून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये लागेल.